अमर्याद कॉल

केजच्या बसस्टँडसमोर माझी टपरी.
रिचार्ज, झेरॉक्स, स्क्रीनगार्ड, पासपोर्ट फोटो.
महागलं सगळं, हे गिऱ्हाईक मलाच ऐकवतं,
जणू दर मीच रात्री बसून ठरवतो.

उत्तरेश्वर काही ऐकवत नाही.
आला की काउंटरवर दोन बोटं टेकवतो,
दरपत्रकावरून बोट खाली, अजून खाली नेतो
आणि शेवटच्या ओळीशी थांबून माझ्याकडं बघतो.
याच्या खाली काहीच नाही?

जन्मापासून ऐकू येत नाही त्याला. बोलतो हातांनी.
माझ्या शेजारीच मशीन त्याचं, फॉल, पिको, काजं-बटनं.
औशाची सोयरीक जमलीय. रत्नप्रभा.
तीही हातांनीच बोलते.
लग्न दिवाळीनंतर. तोवर व्हिडिओ.

आता प्लॅन बघा. तीनशेच्या पुढं.
अठ्ठावीस दिवस, ज्याला ते महिना म्हणतात,
कुठल्या पंचांगातला कोण जाणे.
रोज दीड जीबी.
आणि पिवळ्या पट्टीवर, ठळक:
अमर्याद कॉल.

त्यानं पट्टी वाचली. हसला.
माझाच पेन घेऊन बिलामागं लिहिलं,
"हे काढून टाक. किती कमी होतील?"

बाजारात आपण कांदा निवडून घेतो,
सडका हाती लागला तर बाजूला टाकतो.
प्लॅनमधून बोलणं कसं निवडून टाकायचं
मला ठाऊक नव्हतं.
मनलं, विचारून तर बघू.

नऊ दाबा. दोन दाबा. पुन्हा नऊ.
सतरा मिनिटं सनई वाजली.
मग एक बाई, आवाज साखरेत घोळलेला,
"सर, नंबर ज्यांचा आहे त्यांच्याशी बोलणं होईल का?"
मनलं, मॅडम, तीच तर अडचण हाय.
"त्यांच्या आवाजात खात्री झाल्याशिवाय
मला पुढं जाता येणार नाही, सर."
उत्तरेश्वर माझ्या ओठांकडं बघत होता.
मी फोन उपडा ठेवला.

शेवटी तोच प्लॅन घेतला त्यानं.
सगळ्या दहाच्या नोटा,
शिंप्याच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या.

दीड जीबी म्हणजे चार हातांना किती,
हे आता मला पाठ झालंय.
रात्री साडेआठच्या सुमाराला तिचा हात हवेत थांबतो.
बोटं अर्धी उघडलेली,
काहीतरी विचारत होती, तिथंच अडकली.
तो बाहीनं स्क्रीन पुसतो. त्यानं काय व्हायचंय.
बाराला नवा दिवस पडतो, नवा डेटा.
तोवर दोघं दोन गावांत जागी,
आणि बाराला, तो सांगतो,
बोट जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू करते ती.

कॉल मात्र तसेच पडून.

परवा धारूरची शेवटची गाडी चुकली एका म्हातारीची.
तिचा बॅलन्स संपलेला, लेकाला कळवायचं होतं.
मी काही म्हणायच्या आत यानं फोन पुढं केला.
ती बोलली. गाडी, गुडघा, सून, पुन्हा सून.
पाऊण तास.
हा शेजारी उभा, तिचं तोंड हलताना बघत,
आपल्या मोटरीचं पाणी दुसऱ्याच्या रानात जावं
आणि कामून कोण जाणे, बरं वाटावं, तसा.

आता मशीनवर पाटी आहे, खडूनं लिहिलेली:
"फोन लावायचा असंल तर मागा. पैसे नाहीत.
व्हिडिओ लावू नये."
खालची ओळ दोनदा गिरवलेली.

संध्याकाळी तिथं चार माणसं तरी थांबलेली असतात.
कुणी मोंढ्याचा भाव विचारतं, कुणी रडतं,
एकजण नुसतंच हॅलो, हॅलो करत राहतो.
उत्तरेश्वर पिको मारत असतो.
पायाखाली मशीन धडधडतं, तेवढं त्याला कळतं.

काल त्यानं बिलामागं लिहिलं,
"एवढं काय बोलतात रे लोक?"

मी बराच वेळ पेन धरून बसलो.
वर बघितलं तर आठ पंचवीस झाले होते,
आणि तो कधीच तिच्या हातांकडं वळला होता.