उलटं अक्षर

चांदी जहाजात बसते आणि जाते.
काशाचा खुर्दा इथेच फिरतो,
खाडीपलीकडे त्याला
ऑलिव्हच्या बीचीही किंमत नाही.

तीनशे चुली, एक विहीर, एक देऊळ,
आणि सभेनं ठरवलं, आपलीही टांकसाळ हवी.
टांकसाळ म्हणजे दामोक्सेनोसचा भाता आणि ऐरण.
त्या आठवड्यात नांगरांचे फाळ तेवढे थांबले.

ठसा माझ्या नवऱ्यानं कोरला, मेगिल्लोसनं.
एकीकडे शेळी. आमचीच क्सांथा,
डावं शिंग मोडलेली.
समोर बांधून, पाला टाकून, बघून बघून कोरली,
आणि नाण्यावर मोडलं उजवं.
तेव्हा त्याला कळलं, ठशात सगळं उलटं असतं.
मग दुसऱ्या बाजूला गावाची तीन अक्षरं
जपून उलटी कोरायला बसला.
दोन कोरली. तिसऱ्याला संध्याकाळ झाली.

सभेत हसले. मग चिडले.
पण नवा ठसा कशातून करणार?
पैसे पाडायलाच पैसे नव्हते.

तिसऱ्या उन्हाळ्यात
खाडीपलीकडचा एक जण माझ्या टोपलीशी आला.
खारवलेली मासळी घेतली,
गालातून नाणी काढली, सगळे काढतात तशी,
ओली, गरम.
शेळी झकास होती, आमच्यापेक्षा उजवी.
अक्षरं वळवून पाहिली
आणि मी बोंब ठोकली.
तिन्ही सरळ!
शुद्ध लिहिलं म्हणून पकडला गेलेला
तो पहिलाच चोर असेल.

त्या रात्री मेगिल्लोस जेवताना
काही बोलला नाही. दोनदा वाढून घेतलं.

तो जाऊन सात हिवाळे झाले.
ठसा झिजला. आधी शेळीची दाढी गेली,
मग डोळा, मग नुसता एक उंचवटा,
अंगठ्याला कळणारा.

यंदा बाहेरून कारागीर आणला, शिकलेला.
त्यानं विचारलं, हे तिसरं अक्षर?
म्हातारे एका सुरात म्हणाले, उलटंच ठेव.
शिंगाबद्दल त्यानं विचारलं नाही.
मोडकं बरं दिसत नाही म्हणून
दोन्ही पुरी केली.

आज पहिलं नवं नाणं टोपलीत पडलं.
शेळी देखणी आहे.
कुणाची आहे, कोण जाणे.