पोरीचं नाक

सीताबर्डीच्या फूटपाथवर
ते पुस्तक दीडशेला मिळालं. आधी तो दोनशेच म्हणत होता.
आत कुठल्याशा कॉलेजच्या लायब्ररीचा शिक्का
आणि फ्रान्समधली दुपार:
पाळण्यावर झुकलेली आई,
टबात पाय बुडवून बसलेली पोर,
उंच गवतात एक टोपी, तिच्याखाली बहुधा मूल.

त्यांचं ऊन बघून हसू आलं.
दुधावरच्या सायीसारखं ऊन.
त्यात झालरीचे झगे घालून बायका निवांत बसतात.
आमच्याकडे मे महिन्यात सेहेचाळीस.
मानेवाड्याच्या गच्चीवर
अनवाणी चार पावलं टाकून दाखवा.

सर म्हणायचे, या लोकांना प्रकाश पकडायचा होता,
म्हणून एवढी घाई, म्हणून तुटक फटकारे.
असेल.
पण त्यांच्यातल्या ज्या बायका होत्या,
ज्यांना एकटीनं कॅफेत बसायची सोय नव्हती,
ज्यांनी बहीण रंगवली, बहिणीचं बाळ,
बागेत मातीत खेळणारी स्वतःची लेक,
त्यांची घाई मला ठाऊक आहे.
प्रकाश कुठे जातो? उद्या परत येतो.
मूल उठतं.

उत्पला चार वर्षांची.
टरबुजाची फोड हातात देऊन कूलरपुढे बसवलं
तर दोन मिनिटं. तीही हलत.
ओल्या खसाच्या ताटीतून आलेला हिरवट उजेड
तिच्या कानामागे थांबला होता.
मी कान रंगवेस्तोवर ती पलंगाखाली.

रत्नदीप मात्र हलत नाही.
कोराडीची नाइट करून आलेला,
भिंतीकडे तोंड, बनियनला पाठीवर भोक.
त्या पुस्तकात बाप फार थोडे.
एखादा वर्तमानपत्रामागे,
एखादा चित्राच्या बाहेर, हातात ब्रश घेऊन.
माझ्या चित्रातला बाप झोपलाय
आणि त्याच्या पाठीची सावली मी जांभळी केली.
सावलीत काळं नसतं,
हे सरांचं मात्र खरं निघालं.

संध्याकाळी मोटघरे काकू विरजण मागायला आल्या.
चित्रापुढे थांबल्या. पदरानं चष्मा पुसला.
"काऊन वं, पोरीचं नाक कुठी गेलं?"
"बसलीच नाही, काकू."
"आन् हे पांढरं पांढरं?"
"तिथे ती होती."
काकू जरा वेळ गप्प.
"माह्या सुधाकरचा लहानपणचा एकबी फोटो नाही," म्हणाल्या,
"एवढं पांढरंबी नाही."
विरजण न घेताच गेल्या.

मी वाटी घेऊन जिन्यापर्यंत धावले.
परत येते तो उत्पलानं
त्या कोऱ्या जागेवर टरबुजाचा हात टेकवला होता,
दुसऱ्या हातानं बापाची जांभळी सावली
खरवडून बघत होती, खालून काय निघतं ते.

ओरडले. मग ब्रश धुतले.
कूलरमध्ये पाणी भरायचं तसंच राहिलं होतं.