जोखीम

साखर पेठेत, पत्र्याच्या खोलीत,
अंबुबाई दुडम भिंतीला टेकून बसल्या आहेत
आणि मी त्यांच्या घराण्याचा नकाशा काढते आहे.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
ज्याचं पारपटल पातळ होत टोकदार झालं
तो आतून काळा.

"माझा गोल मोठा काढ," त्या म्हणतात,
"सात बाळंतपणं मावली त्यात."

खाली माग चालू. खडखडाटात
प्रत्येक नाव दोनदा विचारावं लागतं.
नरसय्या. नरसय्याची बहीण.
बहिणीची मुलगी, जी नरसय्यालाच दिली.
"ती मीच," म्हणतात अंबुबाई.
अशा लग्नाला दोन समांतर रेषा ओढायच्या.
त्या वाकून बघतात, "आम्हाला डबल का गं?"
नातं दुहेरी ना, म्हणून.
"मग बरोबर. कामही दुहेरीच पडलं."

नातू श्रीहरी, वय एकोणीस.
वर्षात तीनदा नंबर बदलला,
चष्मेवाला म्हणाला, मशीन बिघडलंय.
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या दिव्यांना
त्याला शेपट्या दिसल्या,
चंद्र एकावर एक ठेवलेले, पाच.
कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनाच तसं दिसतं
असं वाटलं त्याला.

नळीत थुंकायचं, रेघेपर्यंत.
अंबुबाई नळी उजेडात धरतात,
"चाळीस वर्षं विड्या वळल्या,
मुकादम म्हणायचा, इथे थुंकू नका, तिथे थुंकू नका.
आता डब्बी घेऊन कुणी मागायला आलंय!"

माझे वडील जकार्डची पुठ्ठी टोचायचे.
एक भोक चुकलं
तर मोराच्या डोळ्यात पांढरा ठिपका,
आणि तोच ठिपका पाचशे चादरींवर.
मला वाटायचं, हेही तसंच निघेल:
एक भोक.
बोट ठेवून म्हणता येईल, हे बघा, इथे.

तसं निघालं नाही.
दोन वर्षं, एकशे बारा घरं,
आणि प्रयोगशाळेचा कागद म्हणतो:
बऱ्याच जागा, प्रत्येकीचा भार सुताएवढा,
काहींचा तर आहे की नाही तेही नक्की नाही.
वर डोळे चोळायची सवय. मागाची कसपट. ऊन.
मी हे अंबुबाईंना सांगते, जमेल तेवढं.

"म्हणजे दोष कुणाचा? त्यांच्याकडचा की माझ्याकडचा?"
दोन्हीकडचं एकच घर आहे, अंबुबाई.
त्या हसत नाहीत.
दोष नाही म्हणायचं त्याला.
"मग काय म्हणायचं?"
जोखीम.

त्यांचा हात गळ्याकडे जातो, काळ्या मण्यांकडे.
"जोखीम म्हणजे सोनं.
सासरी निघाले तेव्हा आई म्हणाली,
अंगावर जोखीम आहे, खिडकीशी बसू नकोस.
आता ती कुठे, गहाण पडली, गेली.
आणि ही मात्र कुणी चोरली नाही."

माझा स्वतःचा नमुना
मी अजून दिलेला नाही.
आमच्याही घरात दोन रेषा आहेत.

दारात धाकटी नात, शैलजा, नऊ वर्षांची,
झोपेतून उठलेली, दोन्ही मुठींनी डोळे चोळते आहे.
अंबुबाई उठत नाहीत, ओरडत नाहीत,
नुसतं तिचं मनगट धरतात
आणि धरूनच ठेवतात, बोलता बोलता,
पोर कंटाळून मांडीवर बसेपर्यंत.

तिचा गोल मी पेन्सिलने काढते.
"सोमवारी आणू का हिला, मशीनवर?"
आणा. सकाळीच या, रांग असते.