धूळ की भुरी

बर्क्यात जानेवारीत पहाटे धुकं येतं,
समुद्राकडून, न विचारता.
भिंतीपलीकडच्या खजुरींची डोकी दिसेनाशी होतात
आणि मी बॅटरी घेऊन
कोशाच्या पानांखाली वाकते.

कोसा म्हणतात इथे. पुण्याच्या मंडईत झुकिनी.
मावशीला फोटो पाठवला तर म्हणाली,
काकडीच ना गं, सुजलेली?

पहिल्या वर्षी दाटी केली होती मी.
जागा हुमैदची, भाडं नाही,
फुकटचं म्हणून हातहातभर अंतरावर
दडपून लावली बावीस रोपं.
फेब्रुवारीत एका पानावर टिकलीएवढा डाग,
गिरणीवाल्याच्या पापण्यांवर बसतं तसं पीठ.
धूळ असेल, म्हटलं.
इथे कशावर नसते धूळ?
गाडीवर, वाळत घातलेल्या चादरींवर,
एसीच्या जाळीत, चहाच्या गाळण्यातसुद्धा.
दहा दिवसांत अख्खा वाफा पांढरा.
फळं बोटभर होऊन थांबली.

दुसऱ्या वर्षी उलटंच.
शिरांलगत रुपेरी शिंतोडे दिसले
आणि मी कात्री चालवली. नऊ पानं.
कमरुल बांधावरून बघत होता.
हसला नाही, ते जास्त लागलं.
पडलेलं एक पान उचलून त्यानं बोट घासलं,
बोट माझ्यापुढे धरलं. कोरडं. स्वच्छ.
"भाबी, ये तो इसका अपना रंग है."

म्हणजे असं:
धूळ बोटाला लागते आणि जाते.
भुरीही लागते, जाते,
परवा त्याच जागी परत येते, जरा ऐसपैस होऊन.
आणि जे घासूनही हलत नाही
ते पानाचं स्वतःचं. त्याला हात लावायचा नाही.

यंदा अकराच झाडं.
मधून मी आडवी न होता चालू शकते,
वाराही.
पाणी नळीनं, बुंध्याशी.
जमिनीला टेकलेली म्हातारी पानं काढून
पिशवीत बांधून बाहेर.
गंधकाचा डबा हुमैदनं दिलाय,
पण मार्चचं ऊन चढलं की त्यानं पानंच भाजतात
असंही त्यानंच सांगितलं.
म्हणून दूध. मुदत आज संपणारं,
अर्ध्या किमतीत मिळतं ते.
एक पेला दूध, नऊ पेले पाणी,
धुकं विरून ऊन पानांवर आलं की फवारायचं,
दर आठवड्याला, शुक्रवारी.

प्रभंजन रात्रपाळीहून येतो,
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवरून,
ओठांवर मिठाचा पापुद्रा घेऊन.
फाटकातूनच विचारतो,
काय झालंय झाडांना?
काही नाही.
मग फवारतेस कशाला?
काही नाही, म्हणूनच.

तो बूट काढत बसतो.
मी शेवटचं झाड उरकते. त्याच्या पोटाशी
एक मादी फूल, मागे करंगळीएवढा कोसा,
मधमाशी आत शिरलेली, निघायचं नाव नाही.
थांबते जरा, पंप खाली धरून.

पेलाभर दूध उरलंय.
त्याचा चहा ठेवते.