ललना

आठवीच्या वर्गात देवपुजारी सर कविता शिकवत होते.
कुठलीशी नदी, कदंब, आणि घाटावर ललना,
घडा कमरेवर, डोळे खाली.
फळ्यावर लिहिलं: ललना म्हणजे सुंदर तरुण स्त्री.
आम्ही उतरवून घेतलं. एका मार्काला यायचं ते.

मागच्या बाकावरून बेबी तायडे म्हणाली,
"सर, आपल्या गावात हाये का एखादी?"
सर हसले नाहीत. खिडकीबाहेर पाहिलं.
पऱ्हाटीचं रान, हापशी,
हापशीवर गुंडासाठी भांडणाऱ्या तीन-चार पोट्ट्या.
"नाही," ते म्हणाले. "ती कवितेत असते."

आमच्याकडे शब्द दुसरे होते.
पोट्टी तर जन्मापासूनच.
मग एका सकाळी, कुणी काही न सांगता, न्हातीधुती.
सोयऱ्याच्या पत्रात उपवर.
अन् एखादं साल चुकलं की
पाराजवळून जाताना पाठीवर: घोडनवरी.
एवढ्या घाईनं बदलायचे शब्द
की ललनेला मध्ये
नुसतं उभं राहायलाही जागा नव्हती.

बेबीनं मात्र तो घरी नेला
आणि बकरीला दिला.
ललना काळी, एका शिंगानं मोडकी, महाचावट.
कुंपणावरून उडी मारून पाटलाच्या तुरीत.
"ललने! ये वं ललने! माय खाईन मले!"
संध्याकाळी गावभर ऐकू जायचं.
ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं
त्यांच्याही तोंडी बसला शब्द.
कोंडवाड्याच्या वहीत कोतवालानं नीट लिहिलं:
ललना, बकरी, दंड दोन रुपये.
साहित्यात तिचा एवढाच उपयोग मी डोळ्यांनी पाहिला.

नववीच्या परीक्षेआधी बेबीला दारव्ह्याला दिली.
त्याच आठवड्यात बकरी बाजारात गेली.
कोणती आधी, ते आता आठवत नाही.

परवा वाचनालयात जुना कोश बांधणीला काढला.
पानं सुटलेली, ल-ची तर हातातच आली.
ललना. धातू लल्: खेळणे,
बागडणे, मनाला येईल तसे वागणे.
सुंदर वगैरे नंतर कुणीतरी चिकटवलेलं.
डिंकाचा ब्रश वाळून गेला माझ्या हातात.

बेबीला फोन लावला. नातीला भरवत होती.
म्हटलं, "ललना म्हणजे खेळणारी, बेबे.
मनाला येईल तशी वागणारी."
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
"मंग मी बकरीचंच नाव बरोबर ठेवलं होतं वं."
आणि, "कुकर लावला हाये. ठेवतो."

ठेवला नाही मात्र.
एक शिट्टी झाली. दुसरी झाली.