जागा नंबर चार

नदीकडे तोंड करून पाच जागा.
दगडांवर ऑइलपेंटने आकडे टाकलेत,
तीनचा आकडा शेळीने अंग घासून अर्धा केला.
प्रत्येक दगडापाशी एक प्लग, एक नळ,
आणि फाटकावर पाटी :
भांड्यांचं पाणी काळूत सोडू नये.
पाटी मीच रंगवली. जागा पुरली नाही,
म्हणून 'नये' खालच्या ओळीत एकटं.

एकतीस वर्षं मुरबाड डेपोला होतो.
माळशेजची वळणं मनगटात बसलीत,
अजून झोपेत उशी डावीकडे ओढतो.
आता गाड्या माझ्याकडे येतात
आणि थांबतात.
मथुरा म्हणते, बरंच झालं,
तुम्हाला थांबलेली गाडी कधी बघवली नाही.

येतात कोणकोण.
डोंबिवलीचे दोघे, जीपमागे डबा ओढत,
डब्यात फक्त गाद्या आणि एक मांजर.
एक पोरगा, टपावर सोलर, दिवसभर लॅपटॉप,
संध्याकाळी विचारतो, काका, इथे बघायला काय?
नदी आहे, म्हटलं.
ती बघितली, म्हणाला.

डिसेंबरात सुसम्माबाई आल्या, नेरूळच्या.
पांढरी ट्रॅव्हलर, एमएच त्रेचाळीस,
आत ओटा, बिछाना, भिंतीत दुमडणारं टेबल,
सगळं नवऱ्याच्या हातचं.
तीन वर्षांचे रविवार,
सोसायटीच्या पार्किंगात, वॉचमनशी हुज्जत घालत.
टेबलाची शेवटची बिजागरी बसली
आणि पंधरा दिवसांत कोशीसाहेब गेले.

भाड्याच्या ड्रायव्हरने गाडी चार नंबरला लावली,
पैसे मोजून घेतले, कल्याणची एसटी धरली.
बाईंना चालवता येत नव्हती.

चार दिवस त्या आणि नदी.
मथुराने वालाचं बिरडं दिलं,
भांडं परत आलं त्यात माशाचं लाल कालवण,
आंबट कशाचं ते तिला ओळखता येईना,
तीन दिवस तेच बोलत होती.

पाचव्या रात्री मी फेरीला निघालो.
गाडीच्या केबिनमध्ये दिवा.
बाई ड्रायव्हरच्या सीटवर,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
इंजिन बंद.
मी बॅटरी विझवली आणि करंजाच्या आडून
आल्या वाटेने मागे फिरलो.

सकाळी पाणी भरताना एवढंच म्हटलं,
बाई, क्लच डावीकडचा.

वरच्या शेतात भात झोडून झालं होतं.
आधी रिव्हर्स, म्हटलं, पुढे जाणं कधीही येतं.
मथुरा मागे उभी राहून पत्र्यावर थापट्या मारते,
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या,
अहो बास!
एक बांध गेला. वालाच्या दोन ओळी गेल्या.
पलीकडच्या काठावर काथोड मळ्या लावत होता,
तो हसून हसून पाण्यात बसला.
बाईही हसल्या, मग
स्टिअरिंगवर कपाळ टेकून
बराच वेळ तशाच राहिल्या.
आम्ही दोघं बांध सारखा करत बसलो.

सगळ्या मिळून अकरा दिवस.
जाताना तोच ड्रायव्हर आला,
त्याला बाईंनी शेजारी बसवलं,
डांबरी रस्त्यापर्यंत मी नेते म्हणाल्या.
अर्धा किलोमीटर, पहिल्या गिअरमध्ये.
इंजिन कण्हत होतं, मला इथे ऐकू येत होतं.
मथुरा म्हणाली, दुसरा टाका हो.
वळणावर दोनदा हॉर्न.
माझा हात आपोआप गिअरकडे गेला,
तिथे कुदळीचा दांडा होता.

चार नंबरवर गवताचा पिवळा चौकोन राहिला,
चाकांच्या जागी चार खळगे.
पावसाळ्यात नदी तिथवर येतेच,
काही ठेवत नाही.

शनिवारी पनवेलच्या माणसाचा फोन,
चार नंबर द्या, तिथून पाणी छान दिसतं.
पाच घ्या, म्हटलं.
का, चारला काय झालं?
नळ गळतो.

फोन ठेवला आणि जाऊन
नळ उगाच
घट्ट करून आलो.