परवाना येईपर्यंत

मिरजेत अकरा वर्षं डोळे तपासले;
इथे सोहारात फ्रेमा पुसतो.
कागद मस्कतला गेले, एका शिक्क्यावरून परत आले,
पुन्हा गेले.
तोवर आतल्या यंत्राला हात लावायचा नाही,
बोर्डाचं पत्र गल्ल्यामागे चिकटवलंय.

काल गुलझमान आला, ट्रकवाला.
पाटी वाचताना मान कलती करून
डोळा बारीक केला त्यानं.
जिभेवर आकडा आला, अंशासकट.
गिळला.
"मॅडम सोमवारी येतात," म्हणालो,
आणि त्याचा जुना चष्मा
दोनदा पुसून दिला.

नियम बरोबरच आहे.
जत्रेत औषध घालणाऱ्यानं
आमच्या तात्यांचा उजवा डोळा नेला,
त्याला कुणी कागद विचारला नव्हता.

गुलझमान मात्र
रात्रीच निघणार होता.